'नादा' आणि नाद : क्रूसाचे संत योहान यांच्या वैराग्यविचाराचे पुनर्वाचन

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आपल्या व्यासपीठांवरून एक शिकवण हमखास ऐकू येते. मन हे एक भांडे आहे. ते संसाराने काठोकाठ भरलेले आहे. ते आधी रिकामे करा, म्हणजे देवाची ओढ आपोआप जागी होईल. रिट्रीटमधील प्रवचनांतून, नोव्हेनाच्या उपदेशांतून, धर्मशिक्षणाच्या वर्गांतून हाच क्रम सांगितला जातो, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा ज्यांचे नाव घेतले जाते ते क्रूसाचे संत योहान होत. 'काही नाही, काही नाही' असा घोष करणारे कठोर विरक्त ही त्यांची प्रतिमा आपल्या मनात इतकी रुजली आहे, की त्यांचा ग्रंथ प्रत्यक्ष उघडून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही.

तो ग्रंथ उघडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. 'कार्मेल पर्वताचे आरोहण' हा तो ग्रंथ. त्यात मन रिकामे करण्याची शिकवण आहे आणि ती सौम्य नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. तथापि रिकामेपण आधी आणि ओढ नंतर हा जो क्रम आपण त्यातून काढतो तो ग्रंथकाराचा नव्हे; किंबहुना ग्रंथकाराने मोक्याच्या ठिकाणी तो उलटा सांगितला आहे, असे माझे मत आहे. हा केवळ पंडिती वाद नव्हे. क्रम चुकला तर भाविकांच्या पाठीवर असे ओझे पडते, की जे वाहण्याचे बळ त्यांना कोणी दिलेलेच नसते.

ग्रंथ आणि त्याची घडण

योहान (१५४२–१५९१) यांचा जन्म स्पेनमधील फोंतिवेरोस या लहानशा गावी झाला. वडील तोलेदोच्या रेशीमव्यापारी घराण्यातले. एका गरीब विणकरणीशी विवाह केल्यामुळे घराण्याने त्यांना दूर सारले. योहान लहान असतानाच वडील वारले आणि विधवा आई मुलांना घेऊन काम शोधत गावोगाव फिरली. पुढे मेदिना देल काम्पो येथे योहानांनी रुग्णालयात गरीब रोग्यांची सेवा करीत शिक्षण घेतले. 'काही नाही' हे शब्द ज्यांनी पुढे लिहिले त्यांनी काही नसणे म्हणजे काय ते बालपणीच पाहिले होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी; तिचे कारण पुढे येईल.

आविलाच्या संत तेरेझा यांनी हाती घेतलेल्या कार्मेल संघाच्या सुधारणेत ते १५६८ मध्ये सामील झाले. डिसेंबर १५७७ मध्ये सुधारणेला विरोध करणाऱ्या त्यांच्याच संघबंधूंनी त्यांना धरून तोलेदोच्या मठात एका अरुंद, अंधाऱ्या कोठडीत कोंडले. ऑगस्ट १५७८ मध्ये ते तेथून निसटले. त्या कोठडीत त्यांची काही उत्कृष्ट काव्ये जन्मली. 'आरोहणा'चा आधार असलेली 'अंधारी रात्र' ही आठ कडव्यांची कविता बहुधा सुटकेनंतर लौकरच रचलेली आहे. तिच्यावर भाष्य करावे म्हणून त्यांनी 'आरोहण' लिहावयास घेतले आणि सुमारे १५७९ ते १५८५ या काळात, अंदालुसियातील निरनिराळ्या मठांत राहून, ते लिहीत राहिले. ग्रंथ अपुराच राहिला. तो छापला गेला तो १६१८ मध्ये, आल्काला येथे, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी. १७२६ मध्ये त्यांना संतपद दिले गेले आणि १९२६ मध्ये अकरावे पायस यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात इंद्रियांची रात्र आहे, दुसऱ्यात बुद्धीची, तिसऱ्यात स्मृतीची आणि इच्छाशक्तीची. बुद्धी श्रद्धेने, स्मृती आशेने आणि इच्छा प्रीतीने शुद्ध व्हावी, अशी ही रचना आहे. तीन ईश्वरदत्त सद्गुणांच्या खांबांवर सगळी इमारत उभी आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे; कारण त्यामुळे रिकामेपण हे या ग्रंथाचे साध्य नाही हे मांडणीवरूनच दिसते. बुद्धी रिकामी व्हावयाची ती श्रद्धेला जागा व्हावी म्हणून. प्रीती आली नाही तर रिकाम्या इच्छाशक्तीला योहानांच्या लेखी काडीचेही मोल नाही.

शब्दांची अडचण

मराठीत हा विचार सांगताना शब्द आपल्याला दगा देतात. योहान ज्याला 'आपेतितो' म्हणतात त्याला आपण सहज 'वासना' म्हणतो. परंतु 'वासना' म्हटले की मराठी श्रोत्यांचे मन लगेच कामवासनेकडे वळते आणि बाकीचे सर्व जण आपण सुटलो असे समजतात. योहानांच्या शब्दात मात्र बोलत बसण्याची आवड, एखादे वस्त्र, पुस्तक, खोली, विशिष्ट खाद्य यांविषयीचा लहानसा हट्टही येतो. आणि प्रार्थनेत मिळणाऱ्या गोडव्याचा हव्यासही येतो. 'हवेपण' हा साधा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. वस्तू वाईट नाही. 'ती मला हवीच' हे जे मनाला पडलेले वेटोळे, ते वाईट.

दुसरा शब्द 'नादा'. बेआस येथील मठवासिनींसाठी योहानांनी पर्वताचे एक रेखाचित्र काढून दिले होते. त्यात दोन बाजूंना दोन वाटा आहेत, एक ऐहिक वस्तूंची आणि एक स्वर्गीय वस्तूंची, आणि दोन्ही शिखरापर्यंत पोचत नाहीत. मधल्या अरुंद वाटेवर 'नादा' हा शब्द पुन्हापुन्हा लिहिला आहे. गोव्यातील वाचकांना पोर्तुगीजमुळे तो परिचित आहे : काही नाही. याचे भाषांतर आपण 'शून्य' असे करू लागलो तर बौद्ध आणि नाथ परंपरांतील निराळाच अर्थसंभार त्यात शिरतो. योहानांचे 'नादा' हे तत्त्वज्ञानातील शून्य नव्हे; ते वाटसरूचे 'नको, हेही नको, पुढे चला' आहे. शिखरावर शून्य नाही. तेथे देवाचा सन्मान आणि गौरव आहे, असे चित्रातच लिहिले आहे.

मराठी कानाला मात्र हा शब्द वेगळाच ऐकू येतो. आपल्याकडे 'नाद' म्हणजे छंद, वेड, सुटता न सुटणारी ओढ. पत्त्यांचा नाद, दारूचा नाद, भजनाचा नाद. शब्दांचा हा योगायोग आहे, व्युत्पत्तीशी त्याचा संबंध नाही. पण त्यात एक अनुभव दडला आहे जो प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक असतो. एक नाद सुटतो तो बहुधा दुसरा लागला म्हणजे. केवळ 'सोड, सोड' म्हणून नाद सुटलेला माणूस क्वचितच आढळतो. आणि ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या शेवटी योहान नेमके हेच सांगतात.

क्रमाचा प्रश्न

पहिल्या भागात १५ प्रकरणे आहेत. सहाव्यापासून दहाव्यापर्यंत हवेपणाचे पाच दुष्परिणाम सांगितले आहेत : ते जिवाला थकवते, छळते, आंधळे करते, मलिन करते आणि दुबळे करते. अकराव्यात पक्ष्याचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. पक्षी बारीक धाग्याने बांधला काय अथवा जाड दोरीने बांधला काय, तो तुटेपर्यंत उडता येणार नाही. तेराव्या प्रकरणात प्रत्यक्ष साधना येते : सोपे न निवडता कठीण निवडावे, गोड न निवडता बेचव निवडावे, अशी ती दीर्घ मालिका. आपल्या प्रवचनांत उद्धृत होते ते जवळजवळ सर्व या तेराव्या प्रकरणातील. बहुतेकांचे वाचन तेथेच थांबते.

चौदावे प्रकरण अवघे काही परिच्छेदांचे आहे. त्यात कवितेच्या पहिल्या कडव्यातील 'तळमळीने, प्रेमाने पेटलेली' या आशयाच्या ओळीवर भाष्य आहे. योहान विचारतात : इंद्रियांची रात्र ओलांडण्याचे बळ जिवाला कोठून आले? आणि उत्तर देतात की सर्व हवेपण जिंकण्यासाठी त्याहून मोठ्या, त्याहून चांगल्या प्रेमाचा पेट लागतो. ते प्रेम वराचे, ख्रिस्ताचे. इंद्रिये आपल्या विषयांकडे इतक्या तळमळीने धावतात, की आत्म्याच्या ठायी त्याहून प्रखर तळमळ पेटलेली नसेल तर तो ते जू फेकून देऊ शकणार नाही. तसे करण्याचे धैर्यही त्याला होणार नाही.

हे वाक्य तेराव्या प्रकरणानंतर येते म्हणून ते तेराव्याचे फळ आहे असे समजू नये. ते तेराव्याची पूर्वअट सांगते. तेराव्या प्रकरणाचाही आरंभ नीट पाहावा. तेथील पहिली सूचना त्यागाची नाही. सर्व गोष्टींत ख्रिस्ताचे अनुकरण करण्याची इच्छा नित्य बाळगावी आणि त्यासाठी त्याच्या जीवनाचे चिंतन करावे, ही ती पहिली सूचना. त्याग दुसऱ्या सूचनेत येतो आणि तोही 'येशू ख्रिस्तावरील प्रेमासाठी' म्हणून. ज्याचे प्रेमच लागलेले नाही त्याला त्याच्या प्रेमासाठी काही सोडा असे सांगणे म्हणजे अनोळखी माणसासाठी घर विका असे सांगण्यासारखे आहे.

याच विचाराला 'अंधारी रात्र' या दुसऱ्या ग्रंथात लाकूड आणि अग्नी यांचा दृष्टांत दिला आहे. ओले लाकूड आधी कोरडे होते, काळे पडते, धुरकटते आणि शेवटी स्वतः अग्नीसारखे होते. पण त्याला कोरडे करतो कोण? अग्नीच. लाकूड स्वतःला सुकवून मग अग्नीला बोलावीत नाही. वैराग्याच्या प्रारंभीचा जो कडवट धूर, तोही अग्नी आधीच लागल्याची खूण आहे.

येथे आपल्या भोवतालच्या परंपरेशी तुलना करण्याचा मोह होतो आणि ती सावधपणे करावी. वेदान्तातील साधनचतुष्टयात विवेक, वैराग्य, शमादि षट्संपत्ती आणि मुमुक्षुत्व असा क्रम सांगितला जातो. तेथे मोक्षाची तीव्र इच्छा वैराग्याच्या नंतर येते. आपली रूढ प्रवचने नकळत या जिन्याने चढतात असे मला वाटते. योहानांचे नाते त्यापेक्षा भक्तिमार्गाशी अधिक जवळचे आहे, कारण वारकरी संतांच्या वाणीत विरहाची आर्तता ही साधनेच्या शेवटी मिळणारी पदवी नसून साधनेचा श्वास आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्यातही हेच मर्म आहे. तथापि एक भेद विसरू नये. योहानांच्या ठायी तळमळ ही माणसाच्या हृदयातून उपजलेली शक्ती नाही. देवाने आधी प्रेम केले म्हणून ती पेटते. तिला कृपा हेच नाव योग्य.

शुभवर्तमानाची कसोटी

कोणत्याही आध्यात्मिक लेखकाला अखेर शुभवर्तमानासमोर उभे राहावे लागते. तेथे योहानांचा क्रम टिकतो आणि आपला रूढ क्रम टिकत नाही.

झाडलेल्या घराचा दृष्टांत घ्या (लूक ११:२४-२६). अशुद्ध आत्मा निघून जातो, घर झाडून सजवलेले असते, आणि तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन परत येतो. त्या माणसाची शेवटची दशा पहिल्याहून वाईट होते. मत्तयाच्या पाठात ते घर रिकामे होते असे स्पष्ट म्हटले आहे. केवळ रिकामे करण्याच्या अध्यात्मावर याहून कठोर टीका कोणी केली असेल असे वाटत नाही. दारू सोडल्यावर जो माणूस घरात पूर्वीपेक्षा अधिक अहंकारी आणि तुसडा होतो, ज्याचा उपवास शेजाऱ्याच्या ताटावर नजर ठेवतो, त्याचे घर झाडलेले आहे. त्यात कोणी राहावयास आलेले नाही.

याउलट शेतात लपवलेल्या ठेवीचा दृष्टांत (मत्तय १३:४४). त्या माणसाला आधी ठेव सापडते, मग आनंद होतो आणि त्या आनंदाच्या भरात तो सर्वस्व विकतो. विकणे सर्वांत शेवटी आहे. आधी सर्व विकून मग ठेव शोधावयास निघालेला माणूस या दृष्टांतात नाही.

श्रीमंत तरुणाची कथा (मार्क १०:१७-२२) या विचाराला अपवाद आहे असे कोणी म्हणेल. तेथे प्रभू 'विक' असे आधी सांगतो. परंतु मार्कने त्या आज्ञेच्या अगोदर एक लहानसे वाक्य ठेवले आहे : येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रेम केले. आज्ञा त्या दृष्टीतून निघाली. तरुणाने आज्ञा ऐकली, दृष्टी मात्र पाहिली नाही, म्हणून तो खिन्न होऊन गेला. आपल्या उपदेशात आज्ञा असते. ती दृष्टी असते काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

टाकायचे काय?

क्रम ठरल्यावर आशयाकडे वळावे. पहिल्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात योहान स्पष्ट करतात की आपण वस्तूंच्या अभावाविषयी बोलत नाही. वस्तू नसली आणि तिची हाव असली तर जीव रिकामा होत नाही. वस्तू असली आणि तिचे वेटोळे सुटले तर जीव मोकळा आहे. दारिद्र्य आणि विरक्ती यांत असा काटेकोर भेद त्यांनी केला. भुकेची चव चाखलेल्या माणसाने तो केला, म्हणून त्याला विशेष वजन आहे. उपासमारीला पुण्य म्हणण्याचा मोह त्यांना झाला नाही. ज्यांच्या घरी टाकण्यासारखे काहीच नाही त्यांना 'टाका' असे सांगत फिरणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे. अभावाने गांजलेल्यांना आधी न्याय हवा असतो. वैराग्याचा उपदेश अन्यायाचे पांघरूण म्हणून वापरला गेला तर तो योहानांचा उपदेश राहत नाही.

प्रिय माणसांविषयीचे ममत्व हीदेखील टाकण्याची वस्तू आहे काय? ग्रंथाची भाषा कधीकधी तशी वाटते. पण ग्रंथकाराचे जीवन पाहिले तर शंका फिटते. आपला भाऊ फ्रान्सिस्को याच्यावर त्यांचे अपार प्रेम होते आणि ते त्यांनी लपवले नाही. १५८१ मध्ये बाएसाहून लिहिलेल्या एका पत्रात, माशाने गिळून परक्या किनाऱ्यावर टाकलेल्या योनाशी त्यांनी आपली तुलना केली आहे. स्नेही मंडळींपासून दूर पडल्याचे दुःख त्यात उघड आहे. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला. तेव्हा मुलाच्या आजारपणात जीव तुटणाऱ्या आईला 'ही आसक्ती सोड' असे सांगणारा उपदेशक ना योहानांचा आधार घेऊ शकत, ना प्रभूचा. त्या आईचे प्रेम हे हवेपण नव्हे. तिला हात धरून प्रार्थनेत नेणे हेच तेथे आपले काम.

तिसऱ्या भागाच्या विसाव्या प्रकरणात तर योहान असे म्हणतात की ज्याने वस्तूंवरचा ताबा सोडला त्याला वस्तूंपासून अधिक निर्मळ आनंद मिळतो. मूठ मिटलेल्या माणसाच्या हाती थोडेच राहते; उघड्या तळहातावर अवघी सृष्टी येऊन बसते. म्हणजे या सर्व नकारांच्या पलीकडे सृष्टीचा पुनर्लाभ आहे. ही बाजू आपल्या प्रवचनांत जवळजवळ येतच नाही.

ग्रंथाच्या मर्यादा

इतके सांगितल्यावर ग्रंथाचे दोष झाकणे योग्य होणार नाही. पहिला दोष भाषेचा. पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात सृष्टीतील सौंदर्य, ज्ञान, चांगुलपणा यांची देवाशी तुलना करून ती सर्व कुरूपता, अज्ञान, दुष्टता ठरवली आहेत. ही विरोधाभासाची शैली आहे आणि तिच्यामागचे तर्कशास्त्र मर्यादित व अमर्याद यांच्यातील अंतराचे आहे. पण तेवढाच उतारा भाविकांसमोर वाचला तर सृष्टीविषयी तुच्छता उत्पन्न होईल, यात शंका नाही. याच लेखकाच्या 'आध्यात्मिक गीता'त रानेवने आणि नद्या प्रियकराच्या पाऊलखुणा सांगतात. ती दुसरी बाजू सोबत ठेवली नाही तर योहान अर्धेच उरतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या संगोपनाविषयी काढलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच योहानांना साक्षीस बोलावले, ही लक्षणीय गोष्ट आहे.

दुसरी मर्यादा वाचकवर्गाची. आपण सर्वांसाठी लिहीत नसून कार्मेल संघातील काही बंधुभगिनींच्या आग्रहावरून त्यांच्यासाठी लिहीत आहोत, असे ग्रंथकाराने प्रस्तावनेतच सांगितले आहे. ज्यांनी घरदार आधीच सोडले होते त्यांच्यासाठी लिहिलेले नियम गृहस्थाश्रमी शेतकऱ्याला अथवा परिचारिकेला जसेच्या तसे सांगणे हा ग्रंथाचा दोष नव्हे, आपला आहे.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. तिसऱ्या भागात स्मृतीही रिकामी करण्यास सांगितले आहे. परंतु आपला धर्म स्मरणाचा धर्म आहे. इस्राएलला सदैव 'आठवण ठेव' असे सांगितले गेले. मिस्साबलिदानाची आज्ञाच स्मरणाची आहे. योहानांना ही अडचण जाणवली होती, हे त्यांच्या उत्तरांवरून दिसते. पंधराव्या प्रकरणात ते म्हणतात की जे जाणणे आणि करणे आवश्यक आहे त्याचे स्मरण सोडावयाचे नाही. त्यावर मालकी सांगू नये एवढेच. उत्तर योग्य आहे. पण ते फार उशिरा येते, आणि त्याआधीच्या प्रकरणांची भाषा त्याच्याशी पुरतेपणी जुळत नाही. येथे श्रद्धावंत वाचकाने ग्रंथाच्या शब्दापेक्षा त्याच्या हेतूला धरावे.

चौथी मर्यादा अपुरेपणाची. कवितेच्या आठ कडव्यांपैकी जेमतेम दोहोंवरच भाष्य झाले. मीलनाच्या आनंदाची शेवटची कडवी भाष्यावाचूनच राहिली. जो केवळ भाष्य वाचतो त्याला रात्रच दिसते, पहाट दिसत नाही. म्हणून ही कविता आधी वाचावी, भाष्य नंतर, असे मी सुचवीन.

गोव्यातील एक साक्ष

या शिकवणीचा एक साक्षीदार आपल्या भूमीवर होऊन गेला. पियेर बेर्थेलो हा फ्रान्समधील ऑन्फ्लर बंदराचा, १६०० साली जन्मलेला दर्यावर्दी. पूर्वेकडील समुद्रांत पोर्तुगीजांच्या सेवेत तो नावाजलेला सुकाणूकार व नकाशाकार झाला. मान, पगार, कीर्ती सर्व असताना १६३४ मध्ये त्याने जुन्या गोव्यातील अनवाणी कार्मेलाइटांच्या मठात प्रवेश केला आणि दिओनिसियुस हे नाव घेतले. समुद्र आणि होकायंत्र सुटले.

परंतु १६३८ मध्ये सुमात्रातील आचे येथे वकिलात पाठवावयाची होती. तेव्हा व्हाइसरॉयला जाणता सुकाणूकार हवा होता, आणि तो मठात सापडला. त्याच वर्षी गुरुदीक्षा मिळालेल्या दिओनिसियुसने पुन्हा जहाजाचे सुकाणू हाती घेतले. सोबत त्याच मठातील बंधू रेदेम्तुस होते. आचे येथे दोघेही पकडले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. १९०० मध्ये तेरावे लिओ यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. मला यात योहानांचे भाष्यच दिसते. सोडलेले कौशल्य परत हाती आले, पण आता हात रिकामा होता. तेच सुकाणू, पण 'माझे' हा शब्द गळून पडला होता.

धार्मिक आसक्ती आणि उपदेशक

शेवटी, हा ग्रंथ आपल्यासारख्यांसाठी जेथे सर्वाधिक बोचतो त्या जागेकडे यावे. योहानांच्या चित्रात स्वर्गीय वस्तूंची वाटही खुंटते, हे वर आलेच आहे. तिसऱ्या भागात मूर्ती, रोझऱ्या, प्रार्थनास्थळे आणि यात्रा यांवर अनेक प्रकरणे आहेत. मूर्ती काढून टाकणाऱ्यांच्या मताशी आपण सहमत नाही, हे ते बजावून सांगतात. पण मूर्तींना नव्या चालीची वस्त्रे नेसवून बाहुल्यांसारखे नटवणाऱ्यांनाही ते सोडत नाहीत. 'अंधारी रात्र' या ग्रंथात, वाकवलेल्या टाचणीने जोडलेला, आशीर्वादित फांदीचा ओबडधोबड क्रूस एका व्यक्तीने दहा वर्षांहून अधिक काळ जपला होता, आणि तो आपण स्वतः काढून घेतला, असे ते सांगतात. हवेपणाला सोन्याचा क्रूसच लागतो असे नाही, फांदीचाही पुरतो. आपल्या फेस्तांतील वर्गण्या, मानाच्या जागा, 'आमच्या चॅपेलची' मूर्ती, 'आमचा' नोव्हेना, धर्मशिक्षकाची वर्षानुवर्षांची खुर्ची, धर्मगुरूचे आवडते पॅरिश : वाचकाने यादी स्वतःच पुरी करावी.

आणि मग पंचेचाळिसाव्या प्रकरणात उपदेशकांचा विषय निघतो. श्रोत्यांना लाभ होतो तो उपदेशकाच्या शैलीपेक्षा त्याच्या अंतरीच्या आत्म्यामुळे, असे योहान म्हणतात. पण चांगल्या शैलीची निंदा करीत नाहीत, कारण चांगली वाणी पडलेल्या गोष्टीही उभ्या करते आणि वाईट वाणी उभ्या असलेल्याही पाडते. एवढे लिहून ग्रंथ तुटतो. पुढचे पान नाही.

आरोहणाच्या वाटेवरील शेवटचे लिखित ठिकाण उपदेशकाचे आहे, हा निव्वळ योगायोग असेल. तथापि आपण त्याकडे दुर्लक्ष करू नये. आपल्या प्रवचनाने लोकांचे मन रिकामे होते की नाही हे मोजण्याच्या आधी, ते ऐकून एखाद्याला तरी ख्रिस्ताचा नाद लागला काय, हे पाहावे. तो लागलेला नसेल तर श्रोत्यांना दोष देण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या अंतरी अग्नी आहे काय, हे शोधावे. भिजलेल्या काडीने कोणी दिवा लावीत नाही. येत्या प्रायश्चित्तकाळात त्यागाचे पहिले प्रवचन करण्याअगोदर एक आठवडाभर केवळ प्रभूच्या दृष्टीविषयी, त्याने पापी, रोगी आणि त्या श्रीमंत तरुणाकडे कसे पाहिले याविषयी बोलावे, अशी माझी नम्र सूचना आहे. काय सोडावे, ते मग पुष्कळांना आपोआप कळेल. आणि ज्यांना कळणार नाही त्यांना सांगण्याचा अधिकारही आपल्याला तेव्हाच येईल.